वाईट बातमी साहेबापर्यंत कधी पोचते?

मागच्या महिन्यात मिरजेच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या एका हॉलमध्ये छोटे कारखानदार आणि सुपरवायझर मंडळी जमली होती. विषय होता, माणसं टिकत नाहीत, काय करायचं? दोन तास बोलणं झालं आणि दोन तासांत दोनच मतं पुढं आली. एका बाजूचं म्हणणं, पोरं लाडावलीत, धाक उरला नाही, महाराजांच्या काळात असं कुणी वागलं असतं तर टकमक टोक दाखवलं असतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कामगाराला घरच्यासारखं वागवा, वाढदिवसाला केक आणा, आपण सगळे एक कुटुंब आहोत हे त्याच्या मनात रुजवा. टाळ्या दोघांनाही पडल्या. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, २०२५च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं गाजलं, आणि तेव्हापासून देशभर हा वाद याच दोन टोकांवर अडकून बसलाय. साहेब कडक हवा की मऊ? राबवून घेणारा हवा की सांभाळून घेणारा? मी पंचवीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, त्यातली बरीचशी सुपरवायझर म्हणून, आणि आता सात माणसांचं छोटं युनिट चालवतो. माझं मत असं की हा वाद चुकीच्या जागी चाललाय. साहेबाचा स्वभाव कसाही असो, त्याची परीक्षा एकाच ठिकाणी होते. त्याच्या हाताखालच्या सगळ्यात खालच्या माणसाला एखादी वाईट बातमी कळली, तर ती साहेबापर्यंत किती लवकर आणि किती शाबूत पोचते? माणसं सांभाळण्याची बाकी सगळी कला मी या एका प्रश्नाभोवती बांधतो.

हे मत मला महाग पडून मिळालंय. पूर्वी मी ज्या कारखान्यात होतो तिथं पंपाच्या बॉडीचं बोअरिंग, म्हणजे आतलं भोक (बोअर) मापात कापायचं काम, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, व्हायचं. एका रात्रपाळीत ऑपरेटरनं इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलला आणि ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, मशीनमध्ये टाकताना अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलं. बोअर मोठा जायला लागला. बोअर लहान राहिला तर पुन्हा चालवून काढता येतो, मोठा झाला की तो पीस भंगारात. नियम होता दर पाचव्या पीसला गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावायचा, पण त्या आठवड्यात टार्गेट वाढवलेलं होतं आणि गेज लावण्यात जाणारा वेळ पोरं वाचवत होती. रात्री अडीचच्या सुमारास त्यानं गेज लावला तर नो-गोची बाजू, जी आत जाताच कामा नये, ती सरळ आत गेली. तोवर ३८ पीस निघून गेले होते. त्यानं ऑफसेट दुरुस्त केला आणि ते ३८ पीस चांगल्या मालात मिसळून टाकले. सहाशेचा लॉट गेला आणि चौथ्या दिवशी सगळाच्या सगळा परत आला. एकेक पीस तपासायला आमची माणसं गिऱ्हाइकाच्या दारात आठवडाभर बसली.

चौकशी झाली, पोराचा हिशेब झाला. तो जाताना गेटपाशी मला भेटला. विशी-बाविशीचा, जत तालुक्यातल्या एका वाडीचा. मला म्हणाला, "साहेब, त्याच राती सांगायला आलोवतो तुमच्या केबिनीत. तुम्ही फोनवर कुणालातरी झापत होता. दारातनं परत गेलो." मी काहीच बोललो नाही, कारण बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. त्याच्या आधी पंधरा दिवस दुसऱ्या एका ऑपरेटरनं आवाज वेगळा येतोय म्हणून मशीन थांबवलं होतं. तपासलं तर काही निघालं नाही. चहाच्या सुट्टीत चाळीस माणसांसमोर मी त्याला विचारलं होतं, मशीन बंद ठेवायचा पगार मिळतो का तुला? त्या एका वाक्यानं चाळीस माणसांनी एक धडा घेतला आणि तो धडा पंधरा दिवसांनी सहाशेच्या लॉटवर वसूल झाला. चूक त्या पोराचीही होतीच, ती मी नाकारत नाही. पण ३८ पिसांची चूक त्याची होती. उरलेले ५६२ पीस परत आले ते माझ्यामुळं.

आणि मी तरी तसा का होतो? माझ्यावरचे साहेब रोज सकाळी मला एकच विचारायचे, किती निघाले? अडचण काय आली, हे तिथं सात वर्षांत मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. मग मीही खाली तेच विचारत गेलो. धाक हा असा पायरीपायरीनं उतरतो, आणि बातमी त्याच पायऱ्यांवर अडून राहते. खालच्यानं निम्मी सांगायची, मधल्यानं तिच्यातली निम्मी गाळायची, आणि वरच्यानं उरलेल्या पावशेर बातमीवर निर्णय घ्यायचा. त्या निर्णयाला मग आपण कडक निर्णय म्हणतो.

सांगलीकराला हे खरं तर वेगळं समजावून सांगायला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे आपण दर तासाला विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभाग, मारुती चौक, स्टेशन रोड कुठं कसा बुडाला ते आपण पाहिलंय. आता विचार करा, रात्री दोन वाजता पातळी वाचणाऱ्या माणसानं ४३ सांगितल्यावर त्याला कुणी म्हणतं का, इतकं कसं झालं, तू काय करत होतास? म्हणत नाही, कारण त्या आकड्यावर आपली तळमजल्यावरची भांडी, गुरं, म्हातारी माणसं अवलंबून असतात. त्यानं भिऊन ३९ सांगितलं असतं तर? नदीच्या बाबतीत जे शहाणपण आपल्या अंगात मुरलंय, ते कारखान्याच्या, दुकानाच्या, पतसंस्थेच्या आणि ग्रामपंचायतीच्या दारात पाऊल ठेवताच कुठं जातं?

धाकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे तीन मुद्दे मला मान्य आहेत आणि ते मी टाळणार नाही. पहिला, काही कामं अशी असतात की तिथं चर्चेला जागा नसते. भट्टीतून वितळलेलं लोखंड ओतताना, पॉवर प्रेसवर हात जाताना, बॉयलरपाशी, तिथं हुकूम म्हणजे हुकूम. प्रेसवर तीन बोटं गमावलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय आणि सुरक्षेच्या नियमाला सूट मागणाऱ्याला मी आजही त्याच दिवशी घरी पाठवतो. दुसरा, लहान कारखानदाराचा श्वास फार आखूड असतो. बँकेचा हप्ता, विजेचं बिल, नव्वद दिवसांनी पैसे देणारं गिऱ्हाईक, यात त्याला प्रत्येक चूक पोटात घालणं परवडत नाही. तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. ऐकून घेणारा साहेब हळूहळू सगळंच ऐकून घेतो, कामचुकार त्याचा फायदा उठवतो, आणि जो मान मोडून काम करतो तो मनातून खट्टू होतो. असं होताना मी पाहिलंय. चांगली माणसं कडक साहेबाला कंटाळून जितकी जातात, जवळजवळ तितकीच ढिल्या साहेबाला कंटाळून जातात.

इतिहासात याचा मोठा दाखला साताऱ्याच्याच गादीवर सापडतो. शाहू महाराज स्वभावानं मऊ. माणूस पारखण्याची त्यांची नजर मात्र अशी, की दरबारातल्या जुन्याजाणत्यांचा विरोध असताना त्यांनी १७२० साली कराडजवळच्या मसुरात एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली आणि मग त्याला हात मोकळे सोडले. मराठी राज्य पसरलं ते या मोकळिकीनं. पण त्याच मऊपणापायी पेशवा आणि सेनापती दाभाडे यांच्यातला तंटा वेळीच तोडून निकाल दिला गेला नाही. तो इतका वाढला की १७३१ साली डभईला एकाच छत्रपतींचे दोन चाकर एकमेकांवर फौजा घेऊन चालून गेले आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. मग त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंची समजूत काढायची वेळ आली. तेव्हा मऊ साहेब आपोआप चांगला साहेब ठरतो, असं मी म्हणत नाही. तंटा दिसला की त्याचा निकाल लावणं, आणि तो लवकर लावणं, हे साहेबाचं कामच आहे.

पण हे तिन्ही मुद्दे मान्य करूनही धाकाची बाजू टिकत नाही. भट्टीपाशी हुकूम लागतो हे खरं. पण भट्टीला तडा गेलाय हे आधी कुणाला दिसतं? हुकूम देणाऱ्याला की तिथं आठ तास उभ्या असणाऱ्याला? लहान कारखानदाराला चुका परवडत नाहीत हेही खरं, म्हणूनच त्याला लपवलेली चूक सगळ्यात कमी परवडते. चार पिसांवर थांबलेली चूक आणि सहाशे पिसांवर उघडी पडलेली चूक यातला फरक म्हणजे कुणाचा तरी वर्षाचा नफा असतो. आणि कामचुकाराचं म्हणाल तर धाकाचा साहेब त्याला कधीच पकडू शकत नाही. धाकात सगळ्यात तरबेज होतो तो कामचुकारच. साहेब आला की हात हलवायचे, गेला की थांबवायचे, दोष शेजाऱ्यावर ढकलायचा, ही विद्या त्याला उत्तम येते. सापडतो तो साधाभोळा, खरं बोलून बसणारा. ज्या शॉपमध्ये माणसं मोकळेपणी बोलतात तिथं कामचुकाराचं नाव आठ दिवसांत कळतं, कारण त्याचा भार ज्यांच्यावर पडतो तेच येऊन सांगतात. मग त्याला बाजूला घेऊन सांगा, पुन्हा सांगा, तिसऱ्यांदा हिशेब करा. त्यात चाळीस माणसांसमोर अपमान करण्याची गरज कुठं येते?

आता टकमक टोकाविषयी. महाराजांचं नाव घेऊन जे धाकाचं समर्थन करतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की चिपळूणजवळच्या हलवर्ण इथल्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना महाराजांनी लिहिलेलं पत्र एकदा पूर्ण वाचा. पावसाळ्यासाठी घोड्यांची वैरण साठवली आहे, ती आत्ताच मनमानी उधळली तर भर पावसात मिळणार नाही, मग तुमचे लोक कुणब्याच्या घरातून कुणी दाणे आणतील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढं तर ते छावणीतल्या रात्रीचंच चित्र काढतात. कुणी आगट्या पेटवतील, कुणी तंबाखू ओढतील, रात्री दिवा तसाच राहील, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी मरतील. एका राज्याचा धनी जळती वात नेणाऱ्या उंदरापर्यंत विचार करतो! ही माहिती त्याला कुठून आली? एकतर तो अशा छावण्यांत स्वतः राहिला होता, किंवा तिथली बारीकसारीक गोष्ट त्याच्या कानावर घालायला लोक कचरत नव्हते. माझ्या मते दोन्ही. पत्रात कडकपणा आहेच, ज्याच्याकडून आगळीक होईल त्याला शासन होईल ही ताकीदही आहे. पण ताकिदीनिशी हुकूम सोडून महाराज थांबत नाहीत, ते कारण सांगतात. असं केलंत तर काय होईल, हे खालच्या कारकुनाला कळेल अशा शब्दांत पायरीपायरीनं उलगडून दाखवतात. आपल्याकडं भिंतीवर ‘धूम्रपान निषिद्ध’ एवढी पाटी लावून आपण शिस्त लावल्याचं समाधान मानतो.

आणि दुसरी गोष्ट सांगताना माझा हात जरा थरथरतो, पण ती सांगायला हवी. साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातलं भोसरे हे सरनोबत प्रतापराव गुजरांचं गाव. १६७३ साली उमराणीला प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला पाणी तोडून कोंडीत धरलं, खान शरण आला, आणि सरनोबतांनी त्याला जाऊ दिलं. महाराजांना हे रुचलं नाही. खान पुन्हा उलटला तेव्हा सभासद बखर सांगते त्याप्रमाणे निरोप गेला तो असा, की खानाला मारून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका. २४ फेब्रुवारी १६७४. नेसरीच्या खिंडीत सरनोबत आपल्या फौजेची वाट न पाहता सहा स्वारांनिशी खानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. आपण या सातजणांना मुजरा करतो आणि तो केलाच पाहिजे. पण माणसं सांभाळणाऱ्यानं त्यातलं एक वाक्य पुन्हा वाचावं. ‘तोंड दाखवू नका’ म्हणजे परत येऊन सांगण्याची वाट बंद. खान मोठ्या फौजेनं आलाय, माझी फौज मागं आहे, एक दिवस थांबतो, एवढं कळवण्याची वाटही त्या शब्दांनी बंद झाली. राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नव्हते आणि स्वराज्याचा सरसेनापती गेला. महाराजांना याचं किती दुःख झालं ते त्यांच्या पुढच्या वागण्यात दिसतं. प्रतापरावांची लेक त्यांनी राजारामांसाठी सून करून आणली. इतक्या मोठ्या माणसाच्याही एका शब्दाची एवढी किंमत पडली. मग ज्यांच्या शब्दाला इतिहासात जागा नाही असे आम्ही सुपरवायझर ‘उद्यापासून तोंड दाखवू नकोस’ हे वाक्य किती सहज वापरतो?

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे कुटुंबवाल्यांचं म्हणणं ऐकायला गोड आहे, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. आपल्या कुटुंबांत वाईट बातमीचं काय होतं ते आठवा. पोरगा बारावीला नापास झाला तर आधी कुणाला कळतं? बहिणीला. मग आईला. आई दोन दिवस वेळ बघते, जेवण झाल्यावर, मूड बघून, निम्मी गोष्ट गाळून वडिलांना सांगते. कर्ज झालं, शेताचा तुकडा गहाण पडला, छातीत दुखतंय, सगळ्या बातम्या आपल्याकडं कर्त्या माणसाकडं शेवटी पोचतात. मायेची कमी असते म्हणून असं होतं का? तसं नाही. त्याचं मन दुखवू नये, त्याला राग येऊ नये, म्हणून सगळं घर मिळून त्याला अंधारात ठेवतं. कारखान्याचं कुटुंब केलं की मालक बाप होतो आणि मधे एखादा मर्जीतला माणूस आई होतो, जो ठरवतो की साहेबांना काय सांगायचं आणि कधी. अशा मर्जीतल्या माणसानं बुडवलेली युनिटं आमच्या वसाहतीत मी मोजून दाखवू शकतो.

कुटुंब म्हटलं की आणखी एक गोष्ट चोरपावलांनी येते. हक्क उपकार होतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली. ती कुणी मायेपोटी दिलेली नव्हती. १९४८च्या कारखाना कायद्यानं आठवड्याचे ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला, तोही हक्क म्हणूनच. घरच्यासारखं मानतो म्हणणारा मालक जेव्हा ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, पैसे साध्या दरानं लावतो आणि दिवाळीला मिठाईचा पुडा देतो, तेव्हा कामगार पुड्याबद्दल आभार मानतो आणि दराबद्दल गप्प बसतो. एकदा दराबद्दल गप्प बसायला शिकलेला माणूस बोअरबद्दलही गप्प बसतो. गप्प बसण्याची सवय अशी खाती पाडून लागत नाही. म्हणून मी म्हणतो, आधी पगार सात तारखेला द्या, ओटीचा हिशेब लेखी द्या, रजा कुणाला आणि का मिळाली ते फळ्यावर लिहा. केक नंतर आणा, आणायचा असेल तर.

"भीती नसेल तर माणूस काम करणारच नाही," असं त्या बैठकीत एकानं ठासून सांगितलं. त्याला मला आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगावीशी वाटली, पण वेळ संपली होती, ती इथं सांगतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या प्रेरणेनं, तिथं भिंती नसलेला तुरुंग उभा केला. कैदी शेती करायचे, कुटुंबासह राहायचे. त्यात खुनाच्या गुन्ह्यातली माणसंही होती. व्ही. शांतारामांच्या गाजलेल्या चित्रपटामागची प्रेरणा ती हीच. याच औंध संस्थानात, त्याच राजांनी दिलेल्या माळरानावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. निवडुंग आणि साप यांखेरीज तिथं काही नव्हतं. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्याच्यापासून कारखाना राखायचा त्याच्याच हाती राखण! ही मोठ्या मनाच्या माणसांची गोष्ट म्हणून आपण सोडून देतो, पण तिच्यात रोखठोक व्यवहार आहे. चोर कुठून येतो, केव्हा येतो, काय बघून येतो, हे ज्याला आतून माहीत आहे तोच ती बातमी आणू शकतो, आणि तो ती आणतो केव्हा? आपल्यावर भरवसा टाकलाय असं त्याला वाटलं तरच.

कुणी म्हणेल, राजे आणि उद्योगमहर्षी यांचे दाखले आम्हाला काय कामाचे? मग विट्याकडं या. खानापूर, आटपाडी भागातली गलाई करणारी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत. केरळात जा, बिहारात जा, सराफ पेठेच्या गल्लीत आपली मराठी ऐकू येते. गावाकडचं अठरा-वीस वर्षांचं पोरगं दुकानात बसतं आणि परक्याचं सोनं ग्रॅमवर तोलून मुशीत टाकतं. सोनं गाळलं की घट येते. ती घट किती आली हे त्यानं त्याच संध्याकाळी मालकाला सांगितलं तर हिशेब चोख राहतो. घट जास्त आली म्हणून मालक खेकसेल या भीतीनं त्यानं आजची घट उद्याच्या मालात भागवायला सुरुवात केली, की त्या दुकानाचे दिवस भरले. गलाईतल्या जाणत्या मालकांकडून मी एक गोष्ट ऐकली आहे: नव्या पोराला ते पहिल्या दिवशी गाळायला शिकवण्याआधी घट सांगायला शिकवतात. एवढं शहाणपण सत्तावीस पानांच्या प्रशिक्षण पुस्तिकेत मला आजवर सापडलेलं नाही.

बाहेरच्या जगातही अभ्यासानं लोक इथंच येऊन पोचले. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला. औषध देताना होणाऱ्या चुका कुठं कमी होतात ते त्यांना बघायचं होतं. अंदाज होता की जिथं प्रमुख चांगला, माणसांची एकी चांगली, तिथं चुका कमी. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर कळलं की तिथल्या नर्स चुका सांगत होत्या आणि बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरचा साधा कामगार दोरी ओढून दोष दाखवतो आणि गरज पडली तर अख्खी लाइन थांबवतो. तो दोरी ओढतो तेव्हा साहेब त्याच्याकडं धावत येतो, मदतीला. आमच्याकडं साहेब धावत आला की माणसं मशीनमागं लपतात. म्हणून त्यांची दोरी आणून इथं टांगली तरी ती ओढायला कुणाचा हात वर जाणार नाही.

बातमी आपल्या पायांनी चालत येत नाही, हेही मालक मंडळींनी लक्षात घ्यावं. माझं दार उघडं आहे, कुणीही येऊन बोलावं, असं सांगून भागत नाही. उघड्या दारातून ते जतचं पोरगं परत गेलंच होतं. जावं आपल्यालाच लागतं. कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणाच्या कामात उतरण्याआधी ओगल्यांच्या काचेसाठी, किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव हिंडले होते. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह आणलं. खेड्यातल्या पोराला शाळेइतकीच दोन वेळच्या भाकरीची आणि राहायच्या जागेची अडचण आहे, हे त्यांना फिरून फिरून कळलं असणार, असं मला वाटतं. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मी त्यात आणखी एक बघतो. धान्य संपल्याची बातमी त्या घरात लपली नव्हती.

माझ्या युनिटमध्ये मी आता दोन गोष्टी पाळतो. रात्रपाळी सुरू होताना तिथं जाऊन उभा राहतो आणि किती निघाले हे न विचारता, काल कुठं अडलं, हे विचारतो. पहिले तीन महिने प्रत्येक जण म्हणायचा, काही नाही साहेब, सगळं ठीक आहे. चौथ्या महिन्यात एकानं सांगितलं की कूलंट पातळ झालंय. दुसरी गोष्ट, चूक कुणी स्वतः येऊन सांगितली तर त्या पिसांची किंमत मी माझ्या खात्यावर मांडतो, आणि लपवलेली सापडली तर त्या माणसाशी बंद खोलीत बोलतो. यानं माणसं सोडून जायची थांबलेली नाहीत. मागच्या वर्षी दोघे पुण्याला गेले, चाकणला पगार जास्त मिळतो, आणि त्यांनी जावंच. एकानं जाताना नव्या पोराला सगळ्या गेजा आणि तीन मशीनच्या खोडी दाखवून दिल्या, न सांगता.

परवा रात्री पावणेतीनला फोन वाजला. त्या वेळी फोन वाजला की पोटात गोळा येतो. पलीकडं सहा महिन्यांपूर्वी लागलेला आटपाडीचा पोरगा होता. "साहेब, इन्सर्ट बदलला, बोअर मोठं जातंय बगा. मशीन थांबवलंय." जुना शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. तो गिळायला मला दोन-तीन सेकंद लागले, आणि तेवढ्यात पलीकडची शांतता मला ऐकू आली. तो वाट बघत होता.

मी विचारलं, "किती पीस गेले?"

"चार."

"येतो," म्हणालो आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो.